एक चूक, पण झालेली

खांडबारा, १५ जुलै

पवन,

जय जिनेंद्र. हे दोन शब्द सवयीने लिहिले गेले. देवाचं नाव आहे म्हणून खोडत नाही. बाकी तुझी खुशाली विचारायला हे पत्र नाही.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू "जिजी, आधी शांत हो" म्हणशील, आणि मला शांत व्हायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर दोन निळ्या खुणा दाखवून गप्प बसशील. पोस्टाने आलेलं पत्र निदान हातात घ्यावं लागतं. कागद मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेचे पाठकोरे आहेत. रागासाठी नवी वही आणणारी मी नाही.

शनिवारी प्रियल कॉलेजातून आली, हातपाय धुतले आणि सासूबाईंच्या खाटेशेजारी भिंतीकडे तोंड करून बसली. दिवस मावळायच्या आत जेवून घे म्हटलं तर जेवली नाही. दिवस मावळल्यावर आमच्याकडे ताट वाढत नाहीत हे तुला माहीत आहे. म्हणजे पोरगी रात्रभर उपाशी, आणि त्या उपासाचं पुण्यही नाही. काय झालं विचारलं तर म्हणे, काही नाही, मम्मी. तुझं नाव तिने घेतलं नाही, हे लक्षात ठेव.

मला सांगितलं नमनने. समोरच्या हुकमीचंदजींच्या कापड दुकानातला, त्यांचा नातू, प्रियलच्याच वर्गातला. दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात साखर न्यायला आला आणि हसत हसत सांगून मोकळा झाला. त्याला वाटलं मला माहीत असणारच. तू म्हणे प्रियलचा निबंध वर्गात मोठ्याने वाचलास, आणि वाचून झाल्यावर म्हणालास, "छान आहे. आता ज्याने लिहिला त्याला उभं करा, म्हणजे तिच्या मोबाईलला." सगळा वर्ग हसला. नमन म्हणाला, "मी पण हसलो, काकू. खोटं कशाला बोलू."

निबंध तपासायचं यंत्र तुमच्या कॉलेजने घेतलंय म्हणे. त्याने सांगितलं की शंभरातला नव्वदच्या वर भाग माणसाचा नाही. यंत्राने सांगितलं आणि तू मान डोलावलीस.

आता माझं ऐक. निबंध तुम्ही कागदावर घेत नाही. मोबाईलवर टाईप करून लिंकवर चढवायचा, ही तुमचीच पद्धत. प्रियलने तो आठवडाभर पेनने लिहिला. चुलीशी, दुकानाच्या पायरीवर, गाडीत. पहिली ओळ किती वेळा खोडली असेल, मी बघत होते. मग दुकान बंद झाल्यावर पप्पांचा मोबाईल मिळायचा, तेव्हा एका बोटाने टाईप करत बसायची. जे हाताने लिहिलं होतं ते तुम्हीच तिच्या हातातून काढून घेतलंत, आणि आता विचारता हात कुठे आहे.

विषय तूच दिलेला. 'माझ्या हातून झालेली चूक.' पोरीने एक नाही, पाच चुका लिहिल्या. प्रत्येक चुकीच्या शेवटी लिहिलं की मनाने, वचनाने, कायेने दुखावलं, खमावते. तीच क्षमा मागायची ओळ पुन्हा पुन्हा आली, मोजूनमापून आली, म्हणून यंत्राला तो माणूस वाटला नाही. यंत्र कोणाच्या घरात वाढलं मला ठाऊक नाही. तू कोणाच्या घरात वाढलास ते मला ठाऊक आहे. पर्युषणाच्या शेवटी संवत्सरी आली की आपली आई शहाद्याला सगळ्या नात्यागोत्याला क्षमापनेची कार्डं लिहायची. तू ती एसटी स्टँडजवळच्या पेटीत टाकायला जायचास आणि वाटेत वाचायचास, मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. त्या प्रत्येक कार्डाच्या तळाला काय असायचं?

प्रियल लिहायला कुठे शिकली तेही सांगते, कारण मराठीचा मास्तर असून तुला ते विचारावंसं वाटलं नाही. आमच्या सासूबाईंना, नोजीबाईंना, लिहिता येत नाही आणि आता दिसतही नाही. प्रियल तिसरीत गेल्यापासून दरवर्षी पर्युषणाच्या आधी त्या सांगतात आणि ही लिहिते. त्या बोलणार अहिराणीत, हिने लिहायचं मराठीत. लिहून झालं की वाचून दाखवायचं. जरा पुस्तकी झालं की म्हातारी खाटेवरून म्हणते, "असं मी बोलनू नही. पुसी टाक." आणि 'जाणतेपणी-अजाणतेपणी काही झालं असल्यास' हे छापील वाक्य त्यांना चालत नाही. त्या म्हणतात, झालं असल्यास म्हणजे काय, झालंच आहे, काय झालं ते लिही. शेजारच्या शांतीबाईंना एका वर्षी लिहिलं होतं, तुझी गाय आमच्या ओट्यावर आली तेव्हा मी तिच्यावर गरम पाणी टाकलं, राग गाईचा नव्हता, तुझा होता. गादीवाल्या दाऊदभाईंना लिहिलं, तुम्ही गादी उशिरा दिलीत म्हणून मी चार लोकांत तुम्हाला खोटारडे म्हणाले, तेव्हा तुमच्या घरी आजारपण होतं, मला माहीत होतं तरी म्हणाले. दाऊदभाई ते पत्र घेऊन आले आणि ओट्यावर बसून चहा पिऊन गेले.

अशी नऊ वर्षं लिहून ही पोर लिहायला शिकली. तुझ्या यंत्राला हे कळायचं कारण नाही. तुला कळायला हवं होतं.

तिचा पेनने लिहिलेला कच्चा कागद माझ्याकडे आहे. तो पाठवणार नाही. आम्ही चोर नाही, पुरावा कसला द्यायचा?

बहीण आहे म्हणून लिहिलं.
सुनिता


खांडबारा, ४ ऑगस्ट

पवन,

माझ्या पत्राला तू पत्राने उत्तर दिलं नाहीस. प्रियलच्या पप्पांच्या मोबाईलवर निरोप टाकलास. "नियम सगळ्यांना सारखा. भाची म्हणून सोडलं असतं तर लोक काय म्हणाले असते, जिजीला समजवा." त्यांनी तो मला वाचून दाखवला आणि म्हणाले, तुम्हा भावाबहिणीचं तुम्ही बघा, मला गिऱ्हाईक आहे.

लोक काय म्हणाले असते. म्हणजे तू निबंध वाचताना निबंध वाचत नव्हतास, लोक वाचत होतास. दुसऱ्या कुठल्या मुलीचा असता तर तिला बाजूला बोलावून विचारलं असतंस, पोरी, हे तुला कसं सुचलं? ही भाची निघाली, म्हणून चाळीस पोरांसमोर तुझी सचोटी सिद्ध करायला उपयोगी पडली.

आणि त्याच निबंधांत पहिला नंबर नमनचा. त्याचं अभिनंदन मी केलं, पेढाही खाल्ला. आता त्या निबंधाचं ऐक. 'आजोबा गेले त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो होतो', ही त्याची चूक. तू म्हणे वाचताना चष्मा काढून पुसलास. यंत्राने त्याला पूर्ण माणूस ठरवलं. तुमच्या कॉलेजने तो निबंध ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत शहाद्याला त्यांच्या पाहुण्यांकडे पोचला आणि पाहुण्यांनी सांत्वनासाठी दुकानात फोन केला. फोन हुकमीचंदजींनीच उचलला.

हो, आजोबा जिवंत आहेत. रोज सकाळी गादीवर बसतात, कापड स्वतः मोजून फाडतात. पाहुण्यांना म्हणाले, "गेलो तेव्हा कळवीन." नंतर आठ दिवस नमनशी बोलले नाहीत. नमन माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला. मी विचारलं, असलं कसं लिहिलंस रे? तर म्हणाला, मी कुठे लिहिलं काकू, मी फक्त मोबाईलला सांगितलं की खेड्यातल्या मुलासारखं, थोडं रडू येईल असं, आणि मध्ये दोनतीन चुका ठेव, म्हणजे सरांच्या यंत्राला शंका येत नाही. आजोबा त्याने मारले, मी नाही.

तुझी पद्धत अशी निघाली. ज्याने काही लिहिलंच नाही त्याला बक्षीस, कारण त्याने खोटेपणा नीट बेतला. जिने लिहिलं तिचं हसं, कारण तिने नीट लिहिलं. मुलं काय शिकली सांग. लिहायला शिकली, की तुझ्या यंत्राच्या नजरेतून सुटायला शिकली?

प्रियल आता लिहीत नाही. वही उघडते, तारीख टाकते, बंद करते. तिला बारावीनंतर मराठी घेऊन पुढे शिकायचं होतं, तुझ्यासारखं शिकवायचं होतं. हे ती तुला बोलली नव्हती, माझ्याशी बोलली होती. परवा म्हणाली, मम्मी, मी चांगलं लिहिलं तर ते माझं नसतं आणि वाईट लिहिलं तर ते माझं असतं, मग लिहू कशाला? तुला उत्तर आलं तर कळव, पण त्यांच्या मोबाईलवर नको.

सासूबाई रोज विचारतात, पत्रं कधी सुरू करायची, पर्युषण जवळ आलं. प्रियल म्हणते, दादी, उद्या. म्हातारीला दिसत नाही, पण ती काय ओळखत नाही असं थोडंच आहे.

सोबत राखी आहे. ती वैर धरून अडवायची गोष्ट नाही म्हणून पाठवली. बांधून घ्यायला मात्र येऊ नकोस. शेजारणीकडून बांधून घे, किंवा यंत्राकडून.

सुनिता


खांडबारा, १९ ऑगस्ट

पवन,

उद्यापासून पर्युषण. आज राग काढून घेते. पुढचे आठ दिवस मला तोंड आणि हात दोन्ही आवरायचे आहेत.

काल तू पुन्हा निरोप टाकलास. "प्रियलमध्ये चांगली सुधारणा आहे. शेवटचे तिन्ही निबंध स्वतःचे, यंत्रानेही मान्य केलं. तिसरा वर्गात वाचून दाखवला. कठोर वागलो त्याचा फायदा झाला, जिजी." खाली हात जोडलेलं चित्र.

हे वाचून मी दुकानातच बसून राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, काकू, तूरडाळ मागतोय, तुम्ही मीठ देताय.

त्या तीन निबंधांविषयी मला काय माहीत आहे ते मी तुला सांगणार नाही. ते सांगायचं काम माझं नाही. मी फक्त एवढं लिहिते की ती दुपारी माझ्यासोबत मूग निवडत बसली होती, एका हाताने खडे काढत होती आणि दुसऱ्या हातातल्या, पप्पा आडवे झाल्यावर आणलेल्या मोबाईलशी अगदी हळू बोलत होती. माझ्याकडे बघितलं. मी बघितलेलं तिने बघितलं. मी मूग पाखडायला घेतले.

चिडले नाही असं नाही. पण तिच्यावर चिडायला मला जागा सापडेना. जिथे जिथे बघितलं तिथे तू उभा होतास.

तुला आठवतं का? ती चार वर्षांची होती तेव्हा तू आमच्याकडे आला होतास आणि तिला खांद्यावर घेऊन स्टेशनवर गेला होतास. पिवळ्या पाटीवरचं 'खांडबारा' एकेक अक्षर बोटाने दाखवून वाचायला लावलं होतंस. ती घरी येऊन म्हणाली, मम्मी, आपलं गाव लिहिता येतं. त्या पोरीची तू सुधारणा केलीस. अभिनंदन.

बाकी पर्युषणानंतर. या आठ दिवसांत माझ्याकडून तुला पत्र आलं तर समज की माझं काही खरं नाही.

सुनिता


खांडबारा, २५ ऑगस्ट

पवन,

लिहिणार नव्हते. लिहितेय. हे पाप माझ्या माथी.

दुपारी जैन स्थानकातून प्रवचन ऐकून आले तर सासूबाईंच्या खोलीतून वाचण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, चला, पोरीने पेन धरलं. दारात उभी राहिले. प्रियल कागदावरून वाचत होती, पण कागदावरचं अक्षर छापल्यासारखं सुबक, खाडाखोड नाही. मोबाईलवर बनवून घेऊन तिने ते कागदावर उतरवलं होतं. दरवर्षीची सगळी पत्रं एका दुपारी तयार. दादीने सांगायची गरज नाही, दादीला थकवायची गरज नाही.

शांतीबाईंचं पत्र वाचत होती. मला पूर्ण आठवत नाही, पण असं काहीसं होतं की आपल्या नात्याच्या प्रवासात माझ्या शब्दांनी किंवा मौनाने आपल्या हृदयावर नकळत ओरखडा उमटला असेल तर त्या प्रत्येक क्षणासाठी मी नतमस्तक होऊन क्षमायाचना करते. सासूबाई तोंडावर पदर धरून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग दाऊदभाईंचं वाचलं. मग शहाद्याच्या नणंदेचं. तिन्हींत तोच ओरखडा, तेच हृदय.

वाचून झालं. सासूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, "हाई कोन बाई शे व?"

प्रियल म्हणाली, तुम्हीच ना, दादी.

"मी? हिनी ते जलमभर कोनलेच काही करेल नही दिखस." मग म्हणाल्या, "चांगली बाई शे. पन मी नही. तिले मन्हा नावखाल धाडू नको."

रागावल्या नाहीत, हेच वाईट. अगदी कोणी परकी बाई दारात येऊन उभी राहावी आणि तिला पाणी विचारून वाटेला लावावं, तसं बोलल्या. प्रियल कागद गोळा करून उठली. मी दारात दिसले तशी थांबली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. म्हणाली, "मम्मी, दादीला कसं कळतं? मामांना तर कळलं नाही."

तिने हे विचारलं आणि मला उत्तर आलं, पण मी दिलं नाही, कारण पर्युषण आहे. तुला देते. दादी ऐकत होती. तू तपासत होतास.

म्हातारीने या वर्षी शांतीबाईंशी काय केलं ते मला माहीत आहे, सांगू? शांतीबाईंनी आपल्या सुनेला दिवस गेल्याचं हिला गुपचूप सांगितलं होतं, ते हिने दुकानात आलेल्या बाईला सांगून टाकलं. गावभर झालं. ते कुठल्या ओरखड्यात बसतं? ते तसंच लिहावं लागतं. लिहिताना तोंड लाल होतं. तोंड लाल झालं की समजायचं पत्र बरोबर चाललंय. सासूबाई हे दरवर्षी म्हणतात. हे तुझ्या वर्गातल्या मुलांना कोणी शिकवलं? तू शिकवलंस?

मोबाईल वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या दुकानाचा अर्धा व्यवहार त्यावर चालतो, किराण्याची यादी त्यावर येते, शहाद्याच्या नणंदेचं तोंड त्यावर दिसतं. मुलांनी त्याला शब्द विचारावा, कुठे काय बसतं ते विचारावं. पण काय केलं ते त्याला कसं विचारणार? त्याने काही केलेलंच नाही. तू त्यालाच विचारलंस की हिने केलं का.

परवा संवत्सरी. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमावायचं आहे. तुझ्यापाशी आले की माझं काय होणार ते मला आजच दिसतंय.

सुनिता


खांडबारा, २९ ऑगस्ट

पवन,

तुझं कमळ मिळालं.

सकाळी सहाला घरच्या ग्रुपवर आलं. पाण्यातलं गुलाबी कमळ, वर सोनेरी अक्षरात मिच्छामि दुक्कडम्, खाली 'मन-वचन-कायेने जाणते-अजाणतेपणी आपले मन दुखावले असल्यास', आणि त्याखाली नंदुरबारच्या कुठल्यातरी सोने-चांदीच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर. दुकानदाराने बनवलेलं, तू पुढे ढकललंस. मराठीचा मास्तर. असल्यास.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणात काय झालं ते लिहिते, लपवून उपयोग नाही. सगळ्यांना खमावलं. पाण्यातले, वाऱ्यातले, मुंगीपर्यंत सगळे. ज्या उंदराने दुकानातलं पोतं कुरतडलं त्यालाही. तुझं नाव आलं आणि तोंडातून शब्द बाहेर पडेना. शेजारच्या बाईने कोपर मारलं. मी ओठ हलवले. ओठ हलवणं म्हणजे खमावणं नाही, आणि वर्षाचा राग संवत्सरी ओलांडून पुढे नेला तर तो किती घट्ट होतो हे तुला-मला आईने एकाच पाटावर बसवून शिकवलं होतं. मी तो पुढे आणला आहे. तुला कळावं म्हणून लिहिते, तुझ्यासाठी मी काय बिघडवून घेतलं.

आता दुसरी गोष्ट. संवत्सरीच्या दिवशी प्रियलने उपास केला होता. दुपारी ती सासूबाईंपाशी गेली आणि म्हणाली, दादी, सांगा, लिहिते. सासूबाई म्हणाल्या, "आधी तुन्हं लिख. मन्हं मंग." ती माझ्याकडे आली आणि पाठकोरा कागद मागितला. दुकानाच्या पायरीवर बसून लिहिलं. मी मुद्दाम आत राहिले. बराच वेळ झाला, बाहेर डोकावले तर तिचं तोंड लाल झालेलं होतं. मी परत आत गेले.

ते पत्र सोबत आहे. तुझ्या नावाचं आहे. तिने मला वाचायला दिलं, मी वाचलं, एक अक्षर बदललं नाही. पाकिटात कुठे हरवलं असं तू म्हणू नयेस म्हणून इथे माझ्या हाताने पुन्हा उतरवते:

"मामा,

मम्मी म्हणाली सुरुवात नीट कर. मला नीट सुरुवात जमली नाही, म्हणून चुकीपासूनच सुरू करते.

ऑगस्टमध्ये मी तुम्हाला जे तीन निबंध दिले ते मी लिहिले नव्हते. मोबाईलने लिहिले. मी त्याला फक्त सांगितलं की खांडबाऱ्याच्या मुलीसारखं लिही आणि मध्ये दोन चुका सोड. तिसरा तुम्ही वर्गात वाचलात आणि मला म्हणालात, आता कळलं ना, स्वतःच्या शब्दांत लिहिण्यात काय असतं? मी मान डोलावली. मला आनंद झाला, तुम्ही फसलात याचा. गाडीत घरी येईपर्यंत तो आनंद मी धरून ठेवला होता. तुम्ही मला स्टेशनवरची पाटी वाचायला शिकवली होती आणि मला तुमची फजिती बघायची होती.

ही चूक मी मनाने केली. वचनाने केली नाही, कारण मी बोललेच नाही. कायेने केली, कारण मान डोलावली. खमावते.

जुलैतला निबंध मी लिहिला होता. त्याबद्दल मी खमावत नाही.

हे पत्र यंत्रात घालून बघू नका. मला वाचून दाखवा.

प्रियल"

वाचलंस? आता तुझे तीन निबंध आणि तुझी सुधारणा तुझी तूच बघ. तिचे मार्क काप, नाव पाटीवर लाव, काय करायचं ते कर. तिला विचारलं, मामांनी शिक्षा केली तर? म्हणाली, करू देत, ते मी केलंय. जुलैपासून पहिल्यांदा तिच्या तोंडून 'मी केलंय' असं ऐकलं.

काल आणि आज ती सासूबाईंची पत्रं लिहितेय. संवत्सरी उलटून गेली, उशीर झाला, पण सासूबाई म्हणतात चूक वेळेवर केली होती, ती काही शिळी होत नाही. शांतीबाईंचं झालं. तोंड लाल करून झालं. शांतीबाईंची सून पत्र घेऊन आली आणि म्हणाली, माझ्या सासूबाईंनी पण गावभर सांगितलंय, त्यांचंही पत्र लिहून द्या. प्रियल तिला म्हणाली, त्यांनी येऊन सांगावं लागेल, मी बनवत नाही. हे ऐकून सासूबाई खाटेवर इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

तुझ्या नावाचंही एक सासूबाईंनी सांगितलं आहे. तेही सोबत ठेवते. त्यात एवढंच आहे की तुझी बहीण तुला रागाने लिहीत होती, मला ऐकू येत होतं, मी थांबवलं नाही, मला मजा वाटत होती, खमावते.

माझं या पाकिटात नाही. मी कोरा कागद घेऊन बसले होते. 'तुला वर्गातल्या पोरांसमोर नाही, पण चार पत्रांत आणि एका राखीत टाकून बोलले' एवढं लिहिलं आणि पुढे हात गेला नाही, कारण अजून ते मला चूक वाटत नाही. वाटेल तेव्हा पाठवीन. न वाटलेलं पाठवायला माझ्याकडे कमळ नाही.

ती म्हणाली आहे, मला वाचून दाखवा. तर गाडीत बस आणि ये. जेवायला यायचं तर दिवस मावळायच्या आत ये. तिचं पत्र घेऊन ये आणि तिच्यासमोर मोठ्याने वाच, जसा तिचा निबंध वाचला होतास तसा. चाळीस पोरं इथे मिळणार नाहीत. मी आहे, सासूबाई आहेत, समोर हुकमीचंदजी आहेत, अजून जिवंत आहेत.

आणि येताना तुझं पत्र आण. पेनने लिहिलेलं, खाडाखोड असलेलं. एकच चूक लिही, पण झालेली. असल्यास नको.

सुनिता